गभनेसाहेबांचे बंद तक्ते

जगातल्या बहुतेक मोठ्या सुधारणा पश्चात्तापातून जन्माला येतात. आमच्या कारखान्यातली एक तरी तशी आली. तिची व्याप्ती संगणक खात्यापुरती होती, खात्यात चार माणसं होती आणि त्यातल्या दोघांना ती मान्य नव्हती. तरीही मधुकर गभने यांनी ती निवृत्त होईपर्यंत चालवली. ज्या माणसामुळे ती सुरू झाली, त्याला तिचा पत्ताही नव्हता.

कारखाना ट्रान्सफॉर्मरचा. भंडाऱ्याहून लाखनीकडे निघालं की हमरस्त्याला लागून त्याची लांब भिंत यायची. मी तिथं टाइम ऑफिसात कारकून होतो. ऐंशीनंतर कारखान्यात संगणक आला, तेव्हा त्याच्यासाठी आमचीच अर्धी खोली कापून घेतली आणि मध्ये काचेची भिंत घातली. पलीकडे थंड हवेचं यंत्र, अलीकडे आम्ही आणि एक पंखा. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं गभनेसाहेब मला दिवसभर दिसत, पण ऐकू येत नसत. माणूस समजून घ्यायला ही व्यवस्था वाईट नाही.

उंच, सडपातळ माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात शिसपेन्सिल, कानामागे दुसरी. शहापूरहून स्कूटरवर येत आणि फाटकातून आत शिरताना वेग इतका कमी करत की शिपाई त्यांच्या आधी दारात पोचे. त्यांची सगळ्यांत ठळक सवय म्हणजे खाली पाहणं. चालताना खाली, बोलताना खाली, मोठा साहेब समोर असला तर आणखी खाली. संगणकाला धूळ चालत नसे, म्हणून खोलीबाहेर चपला-बूट काढून ठेवावे लागत. गभनेसाहेब बाहेरून येत, त्या रांगेकडे पाहत आणि आत कोण कोण आहे ते सांगत. त्यात त्यांची कधी चूक झाली नाही. चेहऱ्यांत मात्र होई. एकदा त्यांनी खुद्द लेखापालांना 'कोण पाहिजे?' असं विचारलं होतं. लेखापालांनी त्या दिवशी नवे बूट घातले होते.

पण ते पहिल्यापासून असे नव्हते. संगणक आला त्या वर्षी ते मान वर करून चालत. मी पाहिलं आहे.

उद्घाटनाचा दिवस. नारळ, हार, सनई, मंडप. कामगारांच्या घरच्यांनाही आत सोडलं होतं, म्हणून आसपासच्या गावांतून बायका-पोरं आली होती. नागपूरहून मोठे पाहुणे आले होते. जनरल मॅनेजरची इच्छा अशी, की पाहुण्यांनी कुठल्याही कामगाराचं नाव सांगावं आणि यंत्रानं त्याची सगळी माहिती कागदावर छापून द्यावी. गभनेसाहेब म्हणाले, नावाऐवजी नंबर घेऊ. जनरल मॅनेजर म्हणाले, "पाहुणे नंबर विचारत नसतात, गभने." यावर गभनेसाहेबांनी मान डोलावली. सगळं तिथं बिघडलं.

इथं तक्ता म्हणजे काय ते सांगायला हवं. माझ्या खुर्चीमागे बिल्ल्यांचा फळा होता: प्रत्येक खिळ्याला नंबर, प्रत्येक खिळ्यावर एका कामगाराचा पितळी बिल्ला. नंबर सांगा, बिल्ला काढून देतो. यंत्रातला तक्ता म्हणजे असाच फळा. फरक एवढाच, की त्या दिवसासाठी गभनेसाहेबांनी खिळ्यांना नंबरांऐवजी नावं दिली, आणि तो फळा घाईत, स्वतःच्या हातानं बांधला. माझ्या फळ्यावर एका खिळ्याला दुसरा बिल्ला अडकवला तर दोन्ही दिसतात, वाजतात. यंत्रात तसं होत नसे. नंतर आलेला आधीच्याला ढकलून देई, आवाज न करता.

पाहुण्यांनी आजूबाजूला पाहिलं. हारांचं ताट धरून एक वेल्डर उभा होता. रामचंद्र कोदूजी लांजेवार, लाखनीजवळच्या सोनबोडीचा, टाक्या जोडणारा. सर्वांत जुना कामगार म्हणून त्याला तिथं उभं केलं होतं. इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि एका बुटाला नाडीऐवजी सुतळी. पाहुणे म्हणाले, "इनका ही निकालिए." गभनेसाहेबांनी त्या दिवसापुरतं मंडपात मांडलेल्या यंत्रावर नाव टंकलं. यंत्र खडखडलं, कागद आला. पाहुण्यांनी तो लाउडस्पीकरवर कौतुकानं वाचला: "रामचंद्र लांजेवार. सेवा समाप्त. कारण, तांबे की तार की चोरी."

तुमसरकडचा दुसरा एक रामचंद्र लांजेवार आमच्या भांडारात होता. आदल्या वर्षी तो तार चोरताना सापडला आणि गेला. यंत्रात त्याचं नाव नंतर भरलं गेलं होतं.

आधी एकजण हसला. मग मंडप हसला. हसणाऱ्यांत टाइम ऑफिसही होतं. रामचंद्रच्या हातातलं ताट तसंच होतं आणि त्याची बायको बायकांच्या रांगेतून उठून उभी राहिली होती. पाहुणे गोंधळले, तेव्हा जनरल मॅनेजरनी लाउडस्पीकर हातात घेतला आणि म्हणाले, "यंत्र कधीच चूक करत नाही. चूक माणूस करतो." टाळ्या पडल्या. वाक्य अगदी खरं होतं. माणूस कोणता, तेवढं सांगायचं राहिलं. ज्यानं सांगायचं तो यंत्रापाशी उभा होता आणि आपल्या पायांकडे पाहत होता.

रामचंद्रची नोकरी गेली नाही. कागदोपत्री काहीच झालं नव्हतं, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखंही काही नव्हतं. फक्त सोनबोडीत पोरं त्याला 'तार' म्हणू लागली. मग मोठीही म्हणू लागली.

तो संगणक खोलीच्या दाराशी येऊन उभा राहू लागला, पाळी सुटल्यावर. आत जात नसे. उभा राही तो काचेच्या अलीकडे, माझ्या बाजूला, म्हणून हे बोलणं मला ऐकू आलं.

"सांगा न जी साहेब."

"काय सांगू रामचंद्र? तुमच्या नोकरीला धक्का नाही. कागदावर सगळं बरोबर आहे."

"कागद कोण पायते जी? हसले ते तोंडानं हसले. तुमी बी तोंडानं सांगा. सोनबोडीत या, नाही तं गेटावर सांगा. मशीन चुकलं. एवढंच पायजे मले."

"मशीन नाही चुकलं," गभनेसाहेब त्याच्या बुटांकडे पाहत म्हणाले.

"मंग मी चोर आहो का?"

"नाही, नाही. तसं नाही. पाहतो मी."

त्यांना तोंड उघडायची मनाई होती, हे मला माहीत होतं. यंत्रासाठी मुख्य कचेरीनं मोठ्या मुश्किलीनं मंजुरी दिली होती, आणि उद्घाटनालाच ते चुकलं असं कोणी म्हणायचं नाही, असं जनरल मॅनेजरनी बजावलं होतं. पण मनाई नसती तर ते बोलले असते, असंही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. रामचंद्र आला की ते बाहेर येत, सुतळीच्या बुटाकडे पाहत आणि 'पाहतो' म्हणत. काही महिन्यांनी रामचंद्र यायचा थांबला. गभनेसाहेबांची मान मात्र खालीच राहिली.

याच सुमारास त्यांनी सुधारणा सुरू केली. तिचं ब्रीद होतं: "बांधू नका, मागा."

ते मला समजावलं शालिनी मेश्रामनं. ती त्यांच्या हाताखाली काम करायची, कारखान्यातली सर्वांत तल्लख मुलगी आणि साहेबांच्या सुधारणेची मुख्य विरोधक. आजवर ज्याला तक्ता लागे तो आपल्या कामापुरता आपल्या हातानं बांधे, पाहिजे तेव्हा त्यात भर घाले, पाहिजे तेव्हा बदले. गभनेसाहेबांनी हे बंद केलं. त्यांनी यंत्रात एक काउंटर उघडला. तिथं जायचं, नाव आणि माहिती अशा जोड्या द्यायच्या, आणि काउंटर तयार तक्ता हातात देणार, झाकण लावून. त्यात पाहता येई, घालता-काढता येत नसे. बदल हवा असेल तर पुन्हा काउंटरवर जायचं आणि नवा मागायचा. आत माल कसा रचला आहे हे विचारायचं नाही. थोडा असेल तर तो एकाखाली एक ठेवी, पुष्कळ असेल तर क्रमानं लावून दर वेळी निम्मा बाजूला टाकत शोधी. मागणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

आणि दोन जोड्यांत एकच नाव आलं, की काउंटर तक्ता द्यायलाच नकार देई. सगळं काम तिथल्या तिथं थांबे आणि कागदावर दोन्ही नावं वडिलांच्या नावासकट छापून येत. कोरं नाव आलं तरी तेच. कोरी माहिती आली तरी तेच.

एकदा दार उघडं राहिलं होतं आणि शालिनीचा आवाज आमच्यापर्यंत आला. "साहेब, मले रिकामा तक्ता पाहिजे. तोबी मागाचा का? रिकामाच तं आहे."

"मागायचा. रिकाम्यासाठी वेगळी खिडकी आहे, तिचं नावच 'रिकामा' आहे. नाव वाचून कळलं पाहिजे, काय मिळणार ते."

"मग मले एक आणि बाजूच्या टेबलावरच्या पाटीललेबी एक द्या."

"दोघांना एकच. रिकाम्या-रिकाम्यात काय फरक? त्यात कोणी काही घालू शकत नाही. साऱ्या खात्याला एक पुरतो."

"अजी, हे तं आपल्या वेल्फेअर कमिटीसारखं झालं," शालिनी म्हणाली. काचेच्या दोन्ही बाजूंना हसू फुटलं. गभनेसाहेबही हसले. हसताना त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

घरीही ते असेच होते, हे सुमनवहिनींनी सांगितलं. एकदा जेवायला बोलावलं होतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या आणि तिखट असलेल्या डब्यात दुसरं तिखट घालायची वहिनींना मनाई होती. "आधीचं संपवा, डबा धुवा, मग नवं भरा म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, तिखट काय चोर आहे का?" त्या सहज बोलून गेल्या. त्यांना मंडपातली गोष्ट ठाऊक नव्हती. गभनेसाहेबांचा घास हातात राहिला, आणि मग त्यांनी मला विचारलं, भात आणखी हवा का. माझ्या पानात भात होता.

सुधारणेचा एक विजय सांगायलाच हवा, कारण तो एकच आहे. जनरल मॅनेजरना कारखान्याची टेलिफोन-यादी यंत्रावर हवी होती, फोनच्या नंबरावरून माणूस शोधता येईल अशी. मुख्य कचेरीचे लोक यायचे होते. काउंटरनं तक्ता द्यायला नकार दिला. कागद आला: एकाच नंबरावर दोन नोंदी. पहिली, जनरल मॅनेजर. दुसरी, अध्यक्ष, क्रीडा मंडळ. दोन्ही एकच गृहस्थ. दोन्ही नोंदी त्यांनीच घालायला सांगितल्या होत्या.

"एवढ्यासाठी अडलं?" जनरल मॅनेजर काचेपलीकडे ओरडले, ते अलीकडे ऐकू आलं. "सैल करा तो नियम!"

गभनेसाहेब उघड्या दारापाशी उभे होते. त्यांनी जनरल मॅनेजरच्या मोज्यांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "एकदा सैल होता, सर."

जनरल मॅनेजरनी काय ओळखायचं ते ओळखलं असावं. क्रीडा मंडळाचं अध्यक्षपद यादीतून गेलं. पण हे वाक्य जिथं म्हणायचं ती जागा ही नव्हती, आणि ज्याच्यासमोर म्हणायचं तो माणूस तोवर निवृत्त होऊन सोनबोडीला गेला होता. निरोपाच्या दिवशी त्याला छत्री आणि नारळ मिळाला. संगणक खात्यातून कोणी आलं नव्हतं. त्या दिवशी काचेपलीकडे गभनेसाहेब थंड हवेच्या यंत्राची जाळी पुसत बसले होते. ते काम शिपायाचं होतं.

मग जनरल मॅनेजरांची बदली झाली. ज्या कारणासाठी गभनेसाहेब गप्प होते ते कारण सामान बांधून गुजरातला गेलं. आता गप्प राहायला कारण असं उरलं नाही, फक्त गभनेसाहेब उरले. त्यांनी आणखी एक पावसाळा काढला. रोवणी झाली, धान लोंबीला आलं, आणि एका सोमवारी सकाळी ते काचेच्या अलीकडे, माझ्या टेबलापाशी येऊन बसले. असं ते पूर्वी कधी बसले नव्हते.

"काल सोनबोडीला जाऊन आलो," ते म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं.

"तलावाच्या पाळीवर माणसं बसली होती. त्यांना विचारलं, रामचंद्र लांजेवार कुठं राहतात? त्यांनी सडकेवरचं घर दाखवलं. मी त्या सगळ्यांनाच सोबत चला म्हटलं. दारात उभा राहिलो आणि सांगितलं. रामचंद्र लांजेवार चोर नव्हते. मशीनचीही चूक नव्हती. तक्ता मी बांधला होता, चूक माझी होती, आणि मी इतकी वर्षं ते बोललो नाही. हात जोडले."

"ते काय म्हणाले?"

"जाऊ द्या जी, म्हणाले. एवढंच. काही विचारलं नाही, काही सुनावलं नाही. आत नेलं, जेवू घातलं. भात आणि लाखोरीची डाळ. किती थकले आहेत हो. पायात काही नव्हतं. दारात भेटले म्हणून, नाही तर मी ओळखलंही नसतं."

हे सगळं ते माझ्याकडे पाहून बोलले. त्यांचे डोळे घारे होते. मला इतक्या वर्षांत ते माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात काही कामासाठी मी लाखनीला गेलो. रस्त्याकडेच्या टपरीवर, थांबलेल्या ट्रकांच्या सावलीत, रामचंद्र कोदूजी चहा पीत बसले होते. वय झालं होतं, पण थकलेले वगैरे मुळीच नव्हते. पायांत तेच कारखान्याचे बूट, सुतळीसकट.

"बाबूजी! बसा. तुमचे साहेब आल्ते आमच्या गावाले."

"कळलं. तुमच्याकडे जेवले म्हणे."

"माझ्याकडं कायले? मी तं तलावात म्हशी धूऊन राहिलो होतो. ते सडकेवरच्या रामचंद्राकडं गेल्ते. म्हातारा आहे तो, कारखान्यात कधी पायबी नाही ठेवला त्यानं."

"मग त्यानं सांगितलं काहून नाही?"

"कसा सांगन? एवढा मोठा साहेब दारात हात जोडून उभा, डोयात पानी. तुमी चुकीच्या घरी आले म्हणाचं का पाहुण्याले? त्यानं माफ करून टाकलं. मनाचा मोकळाच आहे तो. वरून जेवाले वाढलं."

"आणि तुम्ही?"

रामचंद्र कोदूजींनी बशीतला चहा फुंकला. "दहा माणसायसमोर सांगितलं न जी त्यायनं, रामचंद्र लांजेवार चोर नोहोता म्हणून. कोन्ता रामचंद्र, ते गावाले मालूम आहे. त्या दिसापासून मले तार नाही म्हणत कोणी. पोट्टेबी नाही म्हणत."

मागणाऱ्याला आत माल कसा ठेवला आहे हे कळायची गरज नाही, हा गभनेसाहेबांचाच नियम. सोनबोडीनं तो बिनबोभाट पाळला होता.

"जातानी पाळीवरून गेले ते," रामचंद्र कोदूजी म्हणाले. "मी पाण्यातूनच रामराम केला. स्कूटर थांबवून त्यायनंबी केला. मान वर करून केला, बाबूजी. ओळखलं तं नाहीच. ओळखन कसा? बूट काठावर होते."

"मी सांगू का त्यांना?"

"नोका सांगू." ते पटकन म्हणाले. "तो माणूस पुन्हा खाली पाहाले लागन."

मी सांगितलं नाही. गभनेसाहेब नंतर निवृत्त झाले. भाषणं झाली, त्यांत त्यांच्या सुधारणेला 'दूरदृष्टी' म्हटलं गेलं, आणि म्हणणाऱ्यांत त्या सुधारणेखाली एकही दिवस काम केलेलं कोणी नव्हतं. शालिनी मेश्राम बोलली नाही. तिनं त्यांना स्टीलचा एक डबा भेट दिला, घट्ट झाकणाचा.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले, दिवाळीच्या आधी, भंडाऱ्याच्या पोस्टात. पार्सलच्या खिडकीशी रांग होती आणि रांगेत पुढे ते ताठ उभे होते, लोकांकडे बघत, ओळखीच्या माणसांना नावानं हाका मारत. हातात पांढऱ्या कापडात शिवलेला पेढ्यांचा डबा होता. खिडकीतल्या कारकुनानं पत्ता वाचला आणि डबा परत सरकवला.

"नुसतं नाव आन् गाव? बापाचं नाव टाका न साहेब. एका खेड्यात एका नावाचे चार-चार राहतात."

मी रांगेत मागे होतो. गभनेसाहेबांनी डबा पुन्हा पुढे सरकवला आणि कारकुनाच्या डोळ्यांत पाहून, मोठ्या समाधानानं म्हणाले, "गरज नाही. मी स्वतः घर पाहून आलो आहे."

डबा पोचला. पेढे चांगले होते, असं रामचंद्र लांजेवारांनी रामचंद्र लांजेवारांना सांगितलं, आणि त्यांनी मला.